एक जून

तुम्ही चोर आहात — हे वाक्य नीलांबरीने मुठीतल्या शेंगेला सांगितलं, कारण समोर दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही तर नाहीच, तुम्ही कधीच समोर नसता. शेंग वाळकी, राखाडी, पोपटाच्या चोचीसारखी वळलेली, एका बाजूने उललेली. आतलं रेशीम बाहेर आलेलं. रुईचीच कुणी इथली चुलतबहीण. नागपूरला या उडणाऱ्या बियांना आम्ही म्हातारी म्हणायचो, फुंकर मारून मागे पळायचो... ते राहू द्या. माझ्या मुलीच्या वयातले सात-आठ महिने तुम्ही गिळलेत आणि साधा ढेकरही दिला नाहीत.

"आई, पॉड टाक ना. पार्कमधलं काही न्यायचं नसतं."

"नेत नाहीये. धरलंय फक्त."

"धरणं इज द फर्स्ट स्टेप," राधिका मागे न बघता म्हणाली आणि हसली.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, सगळं गाव दुकानांसमोर रांगा लावून उभं, आणि इथे या गवतात फक्त दोघी. डोक्याच्याही वर गेलेलं गवत, गंजाच्या रंगाचं, वारा आला की एकाच बाजूला झुकणारं. राधिका हायस्कूलपासून इथे येते, कुठे वळायचं ते तिच्या पायांना पाठ आहे. परवा तिचं विमान आहे. मुंबई. तिथे अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपाशी उभं राहून, शिकून भारतातच परतेन असं पटवून, विद्यार्थिनी म्हणून व्हिसाचा शिक्का मागायचा, मिळाला तर परत यायचं, नाही मिळाला तर... वकिलाने या वाक्यापुढे खांदे उडवले. फोनवर खांदे दिसत नाहीत, पण कळतात.

अकराव्या वर्षी आली ती, बापाच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून, आधी जर्सी सिटी, मग हे शिकागोच्या बाहेरचं गाव. वर्षानुवर्षं आम्ही तुमच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहिलो, आणि या जुलैत तुम्ही रांग एकाएकी खुली केलीत — ओळखीच्यांनी पेढे वाटले — आणि राधिकाकडे बोट दाखवून म्हणालात, ही एक जूनला एकवीस वर्षांची झाली, एकवीस झाली म्हणजे ही आता मूल नाही, आईबापांबरोबर हिला आत घेता येणार नाही.

एक जून! ती जानेवारीतली आहे हो. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, दवाखान्यात माझ्या जिभेवर अजून तिळाची चव होती. तुम्ही म्हणता त्या एक जूनला तर मला नुकत्याच उलट्या सुरू झाल्या होत्या. पहिलीत घालताना शाळेतले सर म्हणाले, पोरगी चुणचुणीत आहे, उगाच वर्ष वाया कशाला घालवता, एक जून लिहू. लिहिलं. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली. त्या रात्री नागपुरातल्या सुइणींना झोप नसणार. कुणाला त्यात खोटं वाटलं नाही. सरांवरून दाखला, दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवरून तुम्ही. केक मात्र आम्ही जानेवारीतच कापला, दर वर्षी.

"मग खरं सांगू या ना त्यांना," नीलांबरी तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती.

"सांग," श्रीरंग म्हणाला. "मग ते विचारतील, इतकी वर्षं खोटी तारीख कशी दिलीत? ती तर जाईलच, आपणही जाऊ. नीलू, खरं बोलायची वेळ पहिलीत होती."

गवत संपलं. पुढे दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट, दोन्हीकडे पाणकणसं, फाटक्या उशीतून कापूस निघावा तशी. पाण्याच्या कडेला बर्फाची काच धरायला लागली होती.

"चल, प्रॅक्टिस," राधिका म्हणाली. "तू ऑफिसर. आणि इंग्लिशमध्ये हं, मराठीत तुझा ऑफिसर एकदम मावशी वाटतो."

"शिक्षण झाल्यावर काय करणार?"

"मावशी!"

"आफ्टर स्टडीज, व्हॉट?"

"आय विल गो बॅक होम, मॅडम. टु नागपूर."

"घरासमोर काय आहे?"

राधिका थांबली. "पिवळं गेट... नाही, ते जर्सी सिटीचं. आई, हे कोण विचारणार आहे, यार?"

कुणीही विचारेल. तुम्ही काहीही विचारता. म्हणून नीलांबरी विचारत राहिली — कोण सांभाळेल, कोण आहे तिकडे, परत जाशील कशावरून — आणि प्रत्येक फळीगणिक तिचा आवाज कोरडा होत गेला, आणि मुलगी तयार होत गेली, किती छान खोटं बोलते माझी लेक, किती सफाईने... 

"डेट ऑफ बर्थ?"

"जानेवारी —"

"काय?"

केवढ्याने ओरडली नीलांबरी. राधिकाने कठडा धरला. तिच्या चेहऱ्यावर ते आलं जे बापाकडे बघतानाही कधी आलं नव्हतं — भीती, खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाची.

"जून. जून फर्स्ट. सॉरी."

सॉरी म्हणाली. आपण जानेवारीत जन्मलो याबद्दल माझी मुलगी सॉरी म्हणाली, आणि मला, जिच्या पोटातून ती जानेवारीत निघाली. तो आवाज तुमचा होता. माझ्या घशात तो कधी येऊन बसला, आज, की पहिलीच्या त्या टेबलासमोर, सरांना "लिहा" म्हणताना... मूठ इतकी आवळली होती की शेंगेचा चुरा झाला, आणि बिया बोटांतून सुटून स्वेटरला, केसांना, राधिकाच्या पाठीला चिकटत होत्या. कुणी फुंकर मारली नाही.

"आई? नेक्स्ट क्वेश्चन?"

ती पुढे चालू लागली होती. तिला जावंसं वाटत नाहीये हे तिच्या चालण्यात दिसत होतं. रविवारीही दिसेल, विमानतळावर, पाठमोरी. पुढचा प्रश्न नीलांबरीच्या जिभेवर होता, पण तो या पोरीला विचारायचा नव्हता. यापुढे तिला एकही विचारायचा नाही.

तुम्हाला विचारते. या फळ्यांवर माझ्यापुढे चालली आहे ती मुलगी आज किती वर्षांची आहे? मी सांगितलेलं चालत नाही म्हणता ना? मग तुम्ही सांगा. माझ्याकडे बघून सांगा. आणि मध्ये अडखळायचं नाही.