उसन्या नावाचा महिना

मी अधिक महिना बोलतोय. दचकू नका, लग्नाची तारीख मागायला आलेलो नाही. माझ्यात ती कुणी धरतच नाही!

माझ्या भावांचा थाट बघा. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्रापाशी दिसला की तो चैत्र, विशाखेपाशी दिसला की वैशाख. माझ्या वाट्याला नक्षत्रच आलं नाही. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दरसाल थोडं तोकडं पडतं. ती तूट साचली की तीनेक वर्षांनी मला मध्येच घुसवतात आणि पुढच्या महिन्याचं नाव उसनं देतात. यंदा मी अधिक ज्येष्ठ. ज्येष्ठ म्हणजे थोरला! ठिगळाला थोरलेपण, घ्या!

लोकांनी आधी मला 'मलमास' म्हणून हिणवलं. म्हणतात, मी रडत विष्णूकडे गेलो, तेव्हा त्यानं आपलं 'पुरुषोत्तम' हे नाव मला देऊन टाकलं. पण आमच्या बुलढाण्याकडे एवढं लांब नाव कोण घेतो? पुरणाचे धोंडे करून जावयाला जेवू घालतात, म्हणून मी धोंड्याचा महिना. मला तेच आवडतं, खमंग आहे.

यंदा धाड गावात निवृत्तीभाऊंच्या घरी शिरलो, तर तिथं रुसवा मुक्कामाला. दिवाळीत त्यांनी चारचौघांत जावयाची टर उडवली होती. मेहकरच्या कुलदीपनं शेतात ड्रॅगन फ्रूट लावलं, तर हे म्हणाले, "जावई निवडुंगाची शेती करून राह्यला!" जावई भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून लेक पूनमही माहेरी फिरकली नव्हती. "त्याईले मानानं बोलवा, मंगच येईन," एवढंच तिचं म्हणणं. तिची आई मनकर्णाबाई झुरत होती आणि निवृत्तीभाऊ मिशीला पीळ देत बसले होते.

मी लागलो तशी मनकर्णाबाईनं पुरणाची डाळ निवडायला घेतली.

"आता तरी जावयाले फोन लावा."

"मी काऊन लावू?"

"तुमी नका बोलावू. महिना बोलावून राह्यला म्हना!"

ही पळवाट पटली. भाऊ फोनवर खाकरले, "जावईबापू, मी काही बोलावून नाही राह्यलो. धोंड्याचा महिना आहे, रीत आहे. या." सगळं माझ्या माथी!

जावई आले, लेक आली. पण रीत काय फोनवर भागते? या महिन्यात जावई म्हणजे विष्णू, त्याचे पाय सासऱ्यानं धुवायचे. निवृत्तीभाऊ तांब्या घेऊन पाटासमोर बसले आणि हात तिथंच अडला. माझा जीव टांगणीला लागला. पूनमनं खांद्यावरची पिशवी अजून खाली ठेवली नव्हती.

"मामाजी, राहू द्या," म्हणत कुलदीपनं पाय मागं घेतले.

"पाय ठेवा!" भाऊ गरजले. मग आवाज खाली आला. "चुकलं माह्यं. चारचौघात तसं बोलाले नव्हतं पाह्यजे. आन् हे महिन्याच्या नावावर नका घालू. हे मी बोलून राह्यलो."

तांब्यातलं पाणी पायांवर पडलं. पूनमनं पिशवी खुंटीला अडकवली आणि आत जाऊन विचारलं, "आई, पुरणात जायफळ टाकलं काय?" मनकर्णाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि जायफळाची डबी तिच्यापुढं सरकवली. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

आता मी निघतो. परत यायला तीनेक वर्षं लागतील. तुमच्या घरचं कुणी रुसलं असेल, तर तोवर माझी वाट पाहू नका, बापहो. फोन आजही लागतो.