शिडाची दोरी

होडी पुलाखालून बाहेर पडली आणि घड्याळजींच्या बायकोची नजर नवऱ्याच्या हाताकडे गेली. त्यांनी शिडाची दोरी चक्क होडीच्या कडीला बांधून टाकली होती.

तिला पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भीती जन्माची. तरी दर सुट्टीला ती या एवढ्याशा होडीत जीव मुठीत धरून बसत आली होती, कारण घड्याळदुरुस्तीचं दुकान सोडलं तर या माणसाला दुसरा नाद नव्हता. आणि होडीत येईल त्याला घड्याळजी एकच पाठ द्यायचे: दोरी हातातच धरायची. जोराचा वारा आला की ती सोडता आली पाहिजे, नाहीतर होडी उलटलीच म्हणून समजा.

"अहो, दोरी बांधलीत?"

"माझं लक्ष आहे."

डाव्या हातात सुकाणू होतं, उजवा कोटाच्या खिशात. गेले काही दिवस ते चहाही डाव्या हातानं घेत होते. विचारलं तर अंगावर यायचे, म्हणून तिनं विचारणं सोडलं होतं. आता तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

नदीच्या मधोमध वारा अचानक फिरला. शीड फुगलं, होडी एका अंगावर कलली आणि पाणी थेट तिच्या मांडीवर आलं. घड्याळजींनी उजवा हात गाठीवर टाकला. केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवणारी ती बोटं दोरीवरून नुसती घसरत राहिली.

"सुटत नाहीये गं."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांत तिनं त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि पाण्यापेक्षा तिला त्याचीच जास्त भीती वाटली. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. ती रांगत पुढे गेली, नखांनी ओढून पाहिलं, मग दातांनी. गाठ सुटली, दोरी सर्रकन निसटली, शीड फडफडलं आणि होडी सावरली.

त्यांना चांगलं फैलावर घ्यावं असं तिच्या मनात आलं. पण ते आपल्याच हाताकडे बघत बसले होते. मग त्यांनी डाव्या हातानं दोरी गोळा केली आणि तिच्यापुढे धरली.

"तू धर. मी सांगतो तशी सोड, सांगतो तशी ओढ."

परतीच्या वाटेत वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला तिचा श्वास अडकत होता, पण तिनं दोरी हातातून जाऊ दिली नाही. धक्क्यावरच्या नावाड्यानं चेष्टा केली, की आज बाईंनाच कामाला जुंपलं वाटतं.

"मीच हट्ट केला," ती म्हणाली.

घड्याळजी उठून उभे राहिले, पण पायरीकडे जाईनात.

"अहो, जरा धरा मला. पाय लटपटतायत माझे," ती नावाड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, आणि त्यांचा उजवा हात मुठीत घट्ट धरून त्यांना वर घेऊन आली.