शेठानीले सावली

जळगावच्या आमच्या घरात वरचा आवाज एकाच व्यक्तीचा असतो, आणि ती व्यक्ती मी आहे. माझे यजमान सुरेशचंद हयात असतानाही असेच होते. ते कापसातून सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना सांभाळत, मी घर आणि भडगावकडचे गिरणाकाठचे शेत. त्यामुळे माझी नात जिनल पुण्याचे शिक्षण संपवून विजेची गिटार घेऊन परतली आणि माझ्या सामायिकाच्या, म्हणजे ध्यानाच्या, वेळी माडीवरून घर हादरवू लागली, तेव्हा तिसऱ्या दिवशी मी तिला त्या वाद्यासकट खाली बोलावले.

"हे काय चाललं आहे?"

"रॉक आहे, दादीसा."

"गाणं आहे का ते?"

"तुम्हाला गाणं आवडलं नाही की आवाज?"

"गाणं मला अजून भेटलेलंच नाही. आवाजच दारात आडवा बसलेला असतो."

ती हसली. मला हसू आले नव्हते. "मग आवाज बाजूला करते," ती म्हणाली. "त्याच्या खाली जे आहे ते ऐका. हे सगळं ज्याच्यातून निघालं ते."

तिने गिटारची वायर काढली आणि मोबाइलवर एक जुने ध्वनिमुद्रण लावले. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तशी त्यात खरखर होती. त्या खरखरीमागे एक बाई गात होती आणि कोणीतरी तारा छेडत होते. इंग्रजीतले शब्द मला कळले नाहीत. परंतु तिने एक ओळ म्हटली, तीच ओळ पुन्हा म्हटली, आणि मग तिसरी ओळ अशी टाकली की पहिल्या दोन्हींचा हिशेब चुकता झाला.

"पुन्हा लाव," मी म्हणाले.

तिने तीनदा लावले. माझ्या पाठीला घाम आला होता, आणि दिवस मार्गशीर्षाचे होते.

"ही माणसं कापूस वेचणारी आहेत," मी म्हणाले.

जिनलने मोबाइल खाली ठेवला. "हो. अमेरिकेच्या दक्षिणेतली काळी माणसं. ब्लूज म्हणतात याला. तुम्हाला कसं कळलं?"

मला कसे कळले, ते मी तिला सांगितले. वेचणीच्या वेळी प्रत्येक बाई आपापली पात धरून पुढे सरकते. पोटाला फडके बांधलेले, दोन्ही हात बोंडांत, वर पाहायला उसंत नाही. गाणारी बाई मधल्या पातीत असते. तिने एकदा ओळ म्हटली की कडेच्या बायका ती फक्त ऐकतात, कारण वारा अर्धे शब्द नेतो. दुसऱ्यांदा म्हटली की सगळ्या तिच्याबरोबर म्हणतात. आणि त्या गात असतात तेवढ्या वेळात गाणारी तिसरी ओळ मनात जुळवून घेते. ओळ दोनदा म्हणणे हा अलंकार नाही, ती कामाची सोय आहे. हे ज्याने शेतात उभे राहून पाहिले आहे त्याला कोणत्याही मुलखातले कळेल.

 मग जिनलने मला पुढचे सांगितले. ही गाणी रचणारी माणसे अर्धपोटी मेली. त्यांची गाणी पुढे गोऱ्या मुलांनी उचलली, त्यांना विजेचे वाद्य जोडले, मैदाने भरवली, आणि कित्येकदा रचनाकार म्हणून स्वतःचेच नाव छापले. मूळ गाण्यात मालकाला मारलेला टोमणा असेल तर तो गाळला, किंवा गोड करून घेतला.

"ही चोरी आहे," मी म्हणाले. "नुसतं नाव चोरणं मी एक वेळ समजू शकते. दुसऱ्याचा राग घ्यायचा आणि त्यात साखर घालून विकायचा, ही नीचपणाची हद्द आहे. तू असल्या लोकांची गाणी माझ्या घरात वाजवणार असशील तर आधी मूळ माणसाचं नाव घेत जा."

"घेईन," ती म्हणाली. तिने गिटारच्या पिशवीतून एक जुनी पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. आमच्या जिनिंगच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका होती. तिने पानात खूण घालूनच आणली होती. 'कपाशीचे गीत. रचना : सौ. सायरबाई.' सायरबाई म्हणजे मी.

"दादीसा, हे कोणाचं आहे?"

मी उभी राहिले. या मुलीने मला आधी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले, माझ्या तोंडून निकाल वदवून घेतला आणि मग आरोपीचे नाव सांगितले. घरात कोणाची माझ्याशी असे वागण्याची छाती झाली नव्हती. मी तिला तत्काळ वर जायला सांगितले. ती गेली नाही.

"काल मी शेतावर गेले होते," ती म्हणाली. "धुरपदाबाईंना भेटले. त्यांनी मला पूर्ण गाणं म्हणून दाखवलं. त्यांची शेवटची ओळ वेगळी आहे."

वेगळी आहेच. ती मला पाठ आहे. धुरपदा आमच्या शेतावर वेचणीच्या बायांची पुढारीण होती. एका दुपारी मी निंबाखाली बाजेवर बसले होते आणि ती पातीतून गात होती:

कपाशी फुटनी, धवयी धवयी व माय,
कपाशी फुटनी, धवयी धवयी व माय,
शेठानीले सावली, ऊन मन्हा वाटाले.

कपाशी फुटली पांढरी पांढरी, शेठाणीला सावली, ऊन माझ्या वाट्याला. पंधरा बाया माझ्याकडे न पाहता हसल्या. मी तिथल्या तिथे हुकूम सोडला की आजपासून माझ्या शेतात कोणी गाणार नाही. त्यानंतर कोणी गायले नाही. पुढे स्मरणिकेसाठी खानदेशी गीत हवे होते तेव्हा मला तेच आठवले, कारण त्याहून चांगले गाणे मी ऐकले नव्हते. तिसऱ्या ओळीपाशी लेखणी अडली. मी लिहिले: 'शेठानीनी सावली, बठ्ठास्ना वाटाले.' शेठाणीची सावली, सगळ्यांच्या वाट्याला. दिवाणजींनी खाली माझे नाव घातले. मी ते खोडले नाही. तेव्हापासून धुळ्याचे महिला मंडळ दरवर्षी हे गीत म्हणते, आणि पुढच्या रविवारी मंडळाच्या वर्धापनदिनी त्याच गीतासाठी माझा सत्कार व्हायचा होता. मंडळाच्या आग्रहाने साथीला जिनल गिटार वाजवणार होती.

"मी खोटी ओळ वाजवणार नाही," जिनल म्हणाली.

"तू काय वाजवायचं ते मी ठरवीन," मी म्हणाले. परंतु त्या रागाला आता कुठे उभे राहावे हे कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढायला लावली. धुरपदा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वय माझ्याहून चार वर्षांनी जास्त, दात नाहीत, मान मात्र तशीच ताठ. ती उठली नाही.

"या, शेठानी. वाट चुकनात का?"

"तुझ्याकडेच आले आहे, धुरपदा."

"चाळीस वरीसमा पहिलांदाव." तिने शेंगांची टोपली जराशी सरकवली. ते मला बसायला सांगणे होते. "तुमनी नात सांगी गई मले बठ्ठं. गानं तुमना नाववर छापेल शे म्हने."

"छापलं आहे."

"आनि सावली बठ्ठास्नी करी दिन्ही." ती हसली. "आम्हना वाटाले कव्हय उनी ती? मले तं याद नही."

आमच्या वाट्याला ती कधी आली, असे ती मलाच विचारत होती. मी चिडले. क्षमा मागायला आलेल्या माणसाला हिणवू नये, एवढी रीत असते. "तू मला माझ्याच शेतात, सगळ्यांच्या देखत बोलली होतीस."

"ते बोलनं नव्हतं, गानं व्हतं. बोलनं ऱ्हातं तं तुम्ही कामवरथून काढी टाकतात. गानं व्हतं म्हनीसन नुसतं तोंड बंद करं." तिने एक शेंग फोडली. "मन्हं गानं शेतमाच सुचे, शेठानी. घर नही सुचे. मंग सुचनंच नही."

माझ्या एका हुकमाने किती गाणी जन्मली नाहीत, हे मला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळले. मी म्हणाले, "रविवारी मी तुझं नाव जाहीर करते."

"नावले काय मी चाटू? गानं जसं व्हतं तसं म्हना. आनि तुमनी नातले नका सांगू. तुम्ही म्हना. तुमना तोंडथून."

परतताना फोनवर माझा बेत सांगितला तेव्हा मुलगा पुनीत, जो मला बाईच म्हणतो, म्हणाला, "बाई, तिथे सगळे जिनिंगवाले सहकुटुंब असतील. आपण मजुरांशी कसे वागलो याची चर्चा होईल."

"वागलो आहोत तर होऊ दे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी धुळ्याचे सभागृह भरले होते. मंडळाच्या अध्यक्षा कमलबाई यांनी माझ्या काव्यप्रतिभेवर दहा मिनिटे भाषण केले. एकेक विशेषण माझ्या अंगावर खड्यासारखे येत होते. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाले की गीत मी स्वतः म्हणणार आहे. टाळ्या झाल्या. जिनलने तारा छेडल्या. तिने आवाज अगदी खाली ठेवला होता.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गळा. पहिली ओळ म्हटली, सगळ्यांनी ऐकली. दुसऱ्यांदा म्हटली, सगळ्या बायका माझ्याबरोबर म्हणाल्या, वेचणीतल्या बाया म्हणत तशाच. तिसऱ्या ओळीला मी म्हटले, "ऊन मन्हा वाटाले," आणि सभागृहाने म्हटले, "बठ्ठास्ना वाटाले." दोन ओळी एकमेकींवर आपटल्या आणि गाणे थांबले.

पुढच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणाले, "वय झालं, विसरल्या."

"मी विसरलेली नाही," मी म्हणाले. "हे गाणं धुरपदाबाईचं आहे. ती आमच्या शेतात कापूस वेचत होती आणि मी सावलीत बसून होते. तिने तेच गायलं. ते मला झोंबलं म्हणून मी तिचं गाणं बंद केलं, मग ते घेतलं, ओळ बदलली आणि माझं नाव लावलं. इतकी वर्षं तुम्ही माझं खोटं म्हणत आला आहात. आता खरं म्हणा."

कोणी म्हटले नाही. कमलबाई माझ्या कानाशी लागल्या. "सायरबाई, आता राहू द्या. पाहुणे बसलेत."

"पाहुण्यांनीही म्हणावं. जिनल, वाजव."

तिने आता आवाज वाढवला. माडीवरून मला छळणारा तोच आवाज होता, आणि त्या दिवशी तो मला मुळीच मोठा वाटला नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला चारदोन आवाज आले. "पुन्हा," मी म्हणाले. दुसऱ्या खेपेला अर्धे आले. तिसऱ्या खेपेला मागच्या दाराशी ताटे लावणाऱ्या बायांनी काम थांबवून ती ओळ अशी म्हटली की पुढच्या रांगांना माना वळवाव्या लागल्या. मग मी ध्वनिक्षेपक ठेवला.

सत्काराची शाल मी अंगावर घेतली नाही. घडी न मोडता ती जिनलच्या हाती दिली आणि दुसऱ्या दिवशी तिला धुरपदाकडे पाठवले. संध्याकाळी जिनल परतली तेव्हा शाल तिच्या हातातच होती.

"घेतली नाही?"

"नाही. निरोप दिलाय. म्हणाल्या, जसा दिला तसाच सांग."

"सांग."

जिनलने सांगितला, धुरपदाच्या चालीत:

"शाल धाडी शेठानीनी, मऊ मऊ व माय,
शाल धाडी शेठानीनी, मऊ मऊ व माय,
ऊन मन्हं सरी गयं, आते पांघरू काय?"

उन्हाचे दिवस माझे सरून गेले, आता शाल पांघरून काय करू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षांनी तिला नवे गाणे सुचले आणि तेही माझ्यावरच.

"वही आण," मी जिनलला म्हणाले. "शब्द न बदलता लिही. आणि खाली आधी तिचं नाव घाल."