एकवीस दिवसांची दोरी

माझ्या आधीच्या दोन मुली एकविसावा दिवस बघू शकल्या नव्हत्या. त्यामुळे तिसरी झाली तेव्हा सासूबाईंनी बाळ झाल्यावर फाटकावर एकवीस दिवस बांधायची दोरी स्वतः वळली, उलट्या पिळाची, घट्ट. तिच्यात कोळसे आणि पाइनच्या डहाळ्या खोचल्या. ती असेपर्यंत परक्याने आत यायचं नसतं, आणि ज्यांच्या घरी नुकतं कुणी गेलंय त्यांनी तर फाटकाजवळही थांबायचं नसतं. माझा नवरा लढाईवर होता. घरात आम्ही दोघीच.

आठव्या दिवशी उत्तरेकडून जहाजं आली. लढाईतून जीव वाचवून पळालेली इतकी माणसं आमच्या बेटावर उतरली की विहिरींचं पाणी तळाला गेलं. गावचे यून मुखिया घरोघर एकेक खोली मागत फिरत होते. आमचं घर त्यांनी दोरी बघून सोडलं होतं. पण दुपारपर्यंत गोठेसुद्धा भरले, तेव्हा ते चौघांना घेऊन फाटकाशी आले आणि मान खाली घालून उभे राहिले. एक माणूस, त्याची म्हातारी आई, बायको आणि पाच वर्षांची मुलगी मालसुक.

सासूबाई म्हणाल्या, मागची खोली रिकामी आहे, या. मालसुकची आई मात्र दोरी बघून मागे सरली.

“आमचं तान्हं जहाजावर गेलं,” ती म्हणाली. “परवा समुद्रात सोडलं. आम्ही कसं यायचं?”

खरं सांगते, मला बरं वाटलं. त्यांनी आपणहून नाही म्हटलं होतं.

ते कुंपणाच्या भिंतीला टेकून बसले. मुखिया समजावून थकले, सासूबाई थकल्या. समुद्रावरून बोचरा वारा येत होता. मी आत बाळाला पाजत म्हातारीचा खोकला ऐकत होते. थोड्या वेळाने मालसुकही खोकायला लागली. मला त्यांचा रागच आला. दुसरीकडे का जात नाहीत? मग लक्षात आलं, दुसरीकडे काही उरलंच नव्हतं.

मी सासूबाईंना हाक मारली. म्हटलं, “दोरी फाटकावरून काढा आणि माझ्या खोलीच्या दाराला बांधा. दाराच्या आत कुणी येऊ नये म्हणजे झालं.”

त्या म्हणाल्या, “उद्या काही झालं तर मला बोल लावशील.”

“नाही लावणार.”

“लावशील गं. मी पण तुला लावीन.” एवढं बोलून त्या दोरी सोडायला गेल्या.

चौघं आत आली. त्यानंतर तेरा दिवस मालसुकची आई माझ्या दारावरून एकदाही गेली नाही. पाण्याची घागर घेऊन ती घराला पूर्ण वळसा घालायची. बाळ रडलं की तिच्या खोलीतलं बोलणं थांबायचं. तिच्या अंगरख्याची छाती ओली व्हायची, असं सासूबाईंनी मला सांगितलं. त्या एकाच चुलीवर दोन भांडी ठेवायच्या. एकात माझं दूध वाढावं म्हणून समुद्री शेवाळाचं कालवण, दुसऱ्यात तिचं दूध आटावं म्हणून मोड आलेल्या सातूचं पाणी. आम्ही दोघी आपापल्या खोलीत आपापला वाडगा संपवायचो. रात्रंदिवस मी बाळाच्या नाकाशी बोट धरून बसायचे. श्वास चालू आहे ना, एवढंच.

एकविसाव्या दिवशी सकाळी सासूबाईंनी दोरी काढली. मी मालसुकच्या आईला बोलावलं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी म्हटलं, “ताई, या ना. माझ्याच्याने आता बसवत नाही. जरा घेता का हिला?”

तिने हात दोनदा अंगरख्याला पुसले आणि बाळाला घेतलं. मी भिंतीला टेकले, तेवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. तिचे पाय कधीचे बधिर झाले होते, पण ती हलली नव्हती.