काचेची पडवी

किनुताईंच्या घराच्या खिडक्या सोमवारी सकाळी आतून झाकल्या गेल्या. तेव्हापासून शेजारच्या तोमिएच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली, ती गुरुवार उजाडला तरी थांबेना.

नुसत्या बंद केल्या असत्या तर गोष्ट वेगळी. पण काचांना आतून पुठ्ठे लावले होते आणि त्यावर चंदेरी कागद. बाहेर पारा अडतीसवर. उत्तर जपानातल्या ज्या कामिनुमा गावात जानेवारीत उणे अठ्ठावीसला लोक ‘आज जरा बोचतंय’ म्हणतात, तिथे अडतीस म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. घरं अशी बांधलेली की स्टोव्हची ऊब बोटभरही बाहेर जाऊ नये. जाड भिंती, दुहेरी खिडक्या, दोन-दोन दारं. तीच घरं आता आत शिरलेली आग बाहेर सोडायला तयार नव्हती. एसी बसवून देणारा गावात एकच दुकानदार. त्याला फोन केला की तो नंबर लावून घ्यायचा आणि ऑक्टोबरची तारीख द्यायचा. तोवर लोक आपापल्या परीने दिवस ढकलत होते. कोणी बादलीत पाय सोडून बसे, तर कोणी दारात उभ्या गाडीत एसी लावून दुपार काढी. तोमिए रोज सकाळी सुपरमार्केटात जाऊन गोठवलेल्या माशांच्या कपाटापाशी अर्धा तास उभी राहायची, एकच मासा उलटा-सुलटा करत. तिथे निम्म्या गावाची भेट व्हायची.

अशा दिवसांत चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला खिडक्या झाकून कोण ठेवतं?

ठेवणारी होती नागिसा, किनुताईंची सून. पार दक्षिणेच्या ओकिनावा बेटावरची. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर असायचा. लग्न होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीत तिचं नाव निघालं की अजून ‘ती दक्षिणेकडची’ असंच निघे. तोमिएचं तिच्याशी भांडण असं कधीच नव्हतं. फक्त ती फार कमी बोलायची, आणि जी बाई कमी बोलते ती काहीतरी लपवत असते असं तोमिएचं ठाम मत होतं. तोमिए स्वतः काहीच लपवत नसे, निदान तिचा तसा समज होता.

मंगळवारी गल्लीची फिरती पाटी आली. ही पाटी घरोघर जाते; नोटीस वाचायची, आपल्या चौकोनात शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. किनुताईंनी पन्नास वर्षांत तो शिक्का दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नव्हता. ताप असला तरी उठून स्वतः मारायच्या, आणि तोही तिरपा. या वेळी शिक्का अगदी सरळ होता. तोमिएने चष्मा पुसून दोनदा पाहिला.

“आई कशा आहेत गं?” पाटी घेताना तिने विचारलं होतं.

“झोपल्यात,” नागिसा म्हणाली.

बुधवारी सकाळी विचारलं, तेव्हाही झोपल्यात. संध्याकाळी विचारलं, तेव्हाही झोपल्यातच. आणि गुरुवारी पहाटे साडेचारला, उजाडत असताना, तोमिएने आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. किनुताईंच्या मागच्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली लाकडाच्या भुशाचा एक ढीग होता. नागिसा तो फावड्याने उकरत होती. मग तिने चादरीत काहीतरी जड गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून आत नेलं. चादरीतून टपटप पाणी गळत होतं.

“अहो, उठा,” तोमिएने नवऱ्याला हलवलं. “कुठेतरी पाणी मुरतंय.”

“छपरातून?” इवाओ दचकून उठला.

“छपरातून नाही हो! शेजारी!”

इवाओ एक्याऐंशी वर्षांचा. चाळीस वर्षं त्याने रेल्वेच्या रुळांवरचा बर्फ हटवला होता. गेल्या हिवाळ्यापासून त्याच्या डोक्यातले महिने जरा पुढे-मागे व्हायला लागले होते. एकदा तो एकटाच जुन्या स्टेशनावर जाऊन उभा राहिला होता, तेव्हापासून तोमिए बाहेर जाताना दाराला कुलूप लावायची. काळजीपोटीच. त्यात गैर काय, असा प्रश्नही तिला कधी पडला नाही.

“मला गार बिअर दे,” इवाओ म्हणाला.

“पहाटेचे साडेचार वाजलेत.”

“मग मी घेतो. पडवीत आहे.”

पडवी म्हणजे घराच्या दोन दारांमधली काचेची खोली. हिवाळ्यात बाहेरचं वारं आत घुसू नये म्हणून असते ती. तिथे बिअर गार राहते, मुळ्याचं लोणचं राहतं, अख्खा मासा टांगला तरी राहतो. जानेवारीत. इवाओचं स्टूलही तिथेच. बूट घालायचे, काढायचे, सिगारेट ओढायची आणि बसून राहायचं. ‘घरातली सगळ्यात गार जागा,’ असं तो अभिमानाने सांगायचा, आणि पन्नास वर्षं ते खरंच होतं.

तोमिएने दहा वाजता कुदोंना फोन केला. कुदो म्हणजे गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करायला नेमलेले गृहस्थ. एके काळी इवाओच्या हाताखाली काम केलेले, म्हणून तिला वहिनी म्हणायचे. या आठवड्यात त्यांना दिवसाला तीस घरं फिरायची होती.

“वहिनी, खात्री आहे ना तुमची? उगाच कोणावर बालंट नको.”

“मी डोळ्यांनी बघितलंय. बाई चार दिवस दिसली नाही. खिडक्या झाकल्यात. आणि मागे खणतायत! तुम्ही येताय की मी पोलिसांना बोलवू?”

“येतो, येतो. दीडला येतो.”

दीड वाजता रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. चौकातला भोंगा नगरपालिकेची सूचना वाचत होता: वयस्कर मंडळींनी उन्हात जाऊ नये, पाणी पीत राहावं, शेजाऱ्यांची चौकशी करावी. तोमिएला वाटलं, भोंगा आपल्याच बाजूने बोलतोय. तिने ओला टॉवेल मानेला गुंडाळला. इवाओ आतल्या खोलीत पंख्यासमोर बसला होता.

“दहा मिनिटांत आले हो. बाहेर जाऊ नका.”

“दार लाव. ऊब जाते,” इवाओ पंख्याकडे बघत म्हणाला.

तिने आतलं दार ओढलं, पडवी ओलांडली, बाहेरचं दार ओढलं आणि कुलूप घातलं. पडवीत पाऊल टाकल्याबरोबर तोंडावर आलेली धग तिला जाणवली. पण डोकं शेजारच्या ढिगाऱ्यात अडकलेलं, आणि दारं लावायची सवय हातांची होती, डोक्याची नव्हे.

कुदो घाम पुसत दारात उभे होते, खिशात वही, कानाला पेन्सिल. नागिसाने दार फटीएवढं उघडलं.

“आईंना भेटायचंय,” कुदो म्हणाले.

“झोपल्यात.”

“बघा! बघा!” तोमिएचा आवाज चढला. “चार दिवस कोण झोपतं? तुझ्या घरात म्हातारं माणूस आहे, कोंडून ठेवलंयस की काय केलंयस? मागे काय पुरलंय ते सांग आधी!”

नागिसाचा चेहरा लाल झाला. तिने एकदा मागे बघितलं, मग खाली. “मला सांगायला मनाई आहे,” ती म्हणाली.

“ऐकलंत?” तोमिएने कुदोंच्या दंडाला धरलं. “लिहा. लिहून घ्या.”

कुदोंनी वही काढली आणि किनुताईंचं नाव लिहिलं. तेवढ्यात घरातून, नक्की कुठून ते कळेना, पण जमिनीखालून यावा तसा किनुताईंचा आवाज आला. “कोण बोंबलतंय गं? तोमिए का? तिला दुसरं कोण असणार! येऊ दे खाली. सगळ्या गावाला गोळा करून झालं असेल तिचं.”

स्वयंपाकघरातल्या फळ्या बाजूला केलेल्या होत्या. खाली शिडी. बटाटे-कोबी ठेवायचं तळघर ते, किनुताईंच्या नवऱ्याने खणलेलं, पुरुषभर खोल. तोमिए आधी उतरली, आणि उतरता उतरता अंगावर आलेल्या गारव्याने तिच्या तोंडून हुश्श निघालं. किनुताई बटाट्यांच्या पेट्यांवर गादी घालून ऐसपैस बसल्या होत्या. अंगावर चक्क लोकरीची बंडी. चार कोपऱ्यांत चार टब आणि टबांत बर्फ. मार्चमधला बर्फ, भुशात झाकून ठेवलेला, अजून खडीसारखा टणक.

“बटाट्यांना कोंब येऊ नयेत म्हणून दर वर्षी ठेवतो आम्ही,” किनुताई म्हणाल्या. “या पोरीच्या डोक्यात आलं की बटाट्यांना चालतं तर सासूला का नाही. खिडक्या झाकणंही तिचंच. ऊन आतच येऊ द्यायचं नाही, म्हणते. तिच्या आईकडे तसंच करतात.”

“मग सांगायचं नाही का?” तोमिए म्हणाली. आवाज मात्र आता तेवढा नव्हता.

“मीच सांगू नको म्हटलं. किनु बटाट्यांत जाऊन बसली, हे तुला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत माशांच्या कपाटापाशी कोणी दुसरं बोललं असतं का?”

कुदो हसले. हसताना त्यांची पेन्सिल खाली पडली. तोमिएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर जीवही भांड्यात पडला होता, आणि अंगाला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. नागिसाने गार शेवयांचा वाडगा तिच्या हातात दिला. तो संपला तसा दुसरा. शिक्क्याचंही विचारून झालं. “गुडघ्याने शिडी चढवत नाही गं, म्हणून तिला मारू दिला,” किनुताई म्हणाल्या, “पण सरळ मारला मेलीने.” चार दिवस तोमिएला धड झोप नव्हती. पेटीला पाठ टेकून ती बसली ती बसलीच. कुदोही बसले. घरं अजून दहा राहिलीत असं दोनदा म्हणाले, पण उठले नाहीत.

“इवाओ कसा आहे?” किनुताईंनी विचारलं.

“बरा आहे. घरात आहे.”

“घरात कुठे?”

तोमिएने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आतल्या खोलीत, असं ती म्हणणार होती. पण तिच्या डोळ्यांपुढे स्टूल आलं. मग बिअर. मग पश्चिमेला तोंड करून असलेली पडवी आणि तिच्या तीन काचेच्या भिंती. वाडगा तिच्या हातातून निसटला.

“किती वाजले?” तिने विचारलं.

“अडीच वाजून गेले,” कुदो म्हणाले.

ती शिडी कशी चढली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. रस्त्यावरूनच दिसलं. काचेला गाल टेकून इवाओ स्टुलावर बसला होता, मांडीत बिअरचा डबा. आतलं दार नीट लावलेलं, ऊब जाऊ नये म्हणून. तोमिएने काचेवर दोन्ही मुठी आपटल्या. तो हलला नाही. किल्ली एप्रनच्या खिशात होती, पण बोटांना खिसाच सापडेना.

“बाजूला व्हा काकू,” मागून नागिसा म्हणाली. तिच्या हातात तेच फावडं होतं. एका घावात दाराची काच खाली आली. आतून भट्टीचं दार उघडावं तशी हवा बाहेर आली. दुसऱ्या घावात नागिसाने कुलपाची कडी उचकटली, कुदोंनी इवाओला ओढून सावलीत घेतलं. कातडी लाल आणि कोरडी, घामाचा थेंब नाही. नागिसा परत धावली. चादरीत बर्फ घेऊन आली, तीच गळणारी चादर, आणि तिने तो त्याच्या काखेत, मानेखाली, मांड्यांच्या सांध्यात भरला. पुन्हा गेली, पुन्हा आणला. कुदो फोनवर ओरडत पत्ता सांगत होते. तोमिए नवऱ्याचा हात धरून बसली होती. “अहो, अहो,” एवढंच तिच्या तोंडून निघत होतं.

अँब्युलन्स यायच्या जरा आधी इवाओच्या पापण्या हलल्या. ओठ हलले. तोमिएने कान लावला.

“पडवी गरम झालीय गं,” तो म्हणाला, जणू कोणाचीतरी तक्रार करत होता. “दार उघडेना.”

तोमिए रडायला लागली, अगदी मोठ्याने. गल्लीतल्या खिडक्यांमध्ये माणसं उभी होती. कालपर्यंत तिथून बघणारी ती स्वतः होती.

अँब्युलन्समधल्या तरुण माणसाने सलाईन लावलं, नाडी बघितली. जगतील, पण दोन-चार दिवस दवाखान्यात राहावं लागेल, असं म्हणाला. मग त्याची नजर फुटलेल्या काचेकडे आणि दारावर लटकणाऱ्या कुलपाकडे गेली. “बाहेरून कुलूप? आजोबा आत असताना? कोणी लावलं होतं?”

कुदोंची वही अजून उघडीच होती, किनुताईंच्या नावाच्या पानावर. ते तोमिएकडे बघत होते. त्या नजरेत काय होतं ते तिला बरोब्बर कळलं, कारण चार दिवस तिने ती स्वतःच्या डोळ्यांत वागवली होती. तिने नागिसाकडे बघितलं. नागिसाला काय वाट्टेल ते म्हणता आलं असतं. ती गुडघ्यावर बसून बर्फाचं पाणी झालेली चादर पिळत होती.

“मी,” तोमिए म्हणाली. “मी लावलं. कोंडून ठेवलं मी त्यांना.”

कुदोंनी कानावरची पेन्सिल काढली, किनुताईंचं नाव खोडलं आणि खाली दुसरं नाव लिहिलं.

“तुम्ही जा काकू त्यांच्याबरोबर,” नागिसा म्हणाली. “घर मी बघते. ते आले की त्यांनाही खालीच आणा. आईंच्या शेजारी जागा आहे.”

तोमिए गाडीत चढायला वळली आणि जाता जाता तिचा हात आपसूक मागे गेला. तिने पडवीचं दार ओढून घेतलं. त्याला काच उरली नव्हती.