वास्त्याच्या चकत्या

"मॅडम, दिवाळीला अजून दोन महिने आहेत," बेकरीवाला सुनिल म्हणाला आणि माझ्या हातातल्या पत्र्यावरचा पंचा त्याने दोन बोटांनी उचलून पाहिला. "ही नानकटाई नाय. आहे तरी काय?"

"वास्त्याचं लोणचं."

"लोणचं? भट्टीत?"

"हो, भट्टीत. हसायचं तेवढं हसून घे आणि मग पत्रा आत सरकव."

तो पोटभर हसला. भट्टीवरचे दोघेही हसले. आमच्या डहाणूत दिवाळीच्या आधी बायका नानकटाईचे पत्रे घेऊन बेकरीच्या मागच्या दाराशी ओळीने उभ्या राहतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ऐन भाद्रपदात एक निवृत्त नर्स लोणच्याचा पत्रा घेऊन दारात उभी म्हटल्यावर माणसं हसणारच. मीही हसले असते. पण हे लोणचं कुरकुरीत होणं मला फार गरजेचं होतं, आणि का ते मी सुनिलला सांगणार नव्हते.

मी सुधा सावे. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते, दोन हजार सोळात सुटले. लग्न केलं नाही. का नाही केलं, याची उत्तरं जन्मभर देऊन झाली आहेत, आता कंटाळा आलाय. स्टेशनपासून पाच मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर राहते. दार वाजलं की ते दूधवाल्याने वाजवलेलं असतं, नाहीतर शेजारच्यांकडे जाणाऱ्याने चुकून.

फक्त महिन्याच्या पाच तारखेला दार माझ्यासाठी वाजायचं. त्या दिवशी हिरी यायची.

हिरी आमच्या वॉर्डात आया होती. तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या वेवजीची. चोवीस वर्षं आम्ही एका वॉर्डात काढली. मी ओरडायची आणि तिने ऐकायचं, असा कामाचा शिरस्ता. पण माझी आई गेली तेव्हा नातेवाईक तिसऱ्या दिवशी गाड्या पकडून पळाले आणि हिरी न सांगता पिशवी घेऊन आली. नऊ दिवस माझ्या स्वयंपाकघरात चटई टाकून झोपली. रडू नको म्हणाली नाही, की देवाची मर्जी म्हणाली नाही. भात लावायची आणि "जेव, सिस्टर" एवढंच म्हणायची.

दोघी सहा महिन्यांच्या अंतराने निवृत्त झालो. तिचं पेन्शन डहाणूच्याच बँकेत. "खातं तलासरीला करून घे, दोन जीपा बदलत कशाला येतेस?" असं मी दोनदा म्हटलं. "बघू" म्हणाली. तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही, मी काय मूर्ख आहे?

येताना तिच्या पिशवीत वास्त्याची बरणी असायची. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात तोडून, उकडून मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवायचे ते वर्षभर. त्याच्या चकत्या मी पिठात घोळवून तळायची. बाहेर कडक, आत आंबट-खारट. जमिनीवर बसून, मध्ये कागद पसरून आम्ही दोघी खायचो, आणि दवाखान्यातल्या तमाम डॉक्टरांची लग्नं, भांडणं, बदल्या पुन्हा एकदा लावून द्यायचो. महिन्यातला तेवढा एक दिवस माझ्या घरात आवाज असायचा.

जानेवारीत ती आली तेव्हा दारातच तिला धाप लागलेली. मी पाणी द्यायच्या आधी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. एकशे नव्वद आणि एकशे दहा! माझं डोकंच फिरलं. गोळ्या घेतेस का? संपल्या म्हणाली. कधी? दिवाळीत. मग माझ्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो थांबेना. तिच्या सुनेला, नवशीला, फोन लावून तिलाही झापलं. गॅसवरची तेलाची कढई उतरवली. आणि हिरीच्या पिशवीतली बरणी काढली, झाकण उघडलं आणि तिच्या डोळ्यांसमोर सगळे वास्ते मोरीत ओतले. "हे मीठ आहे मीठ! हेच मारणार तुला!" वॉर्डात पेशंटच्या उशाखाली फरसाणाची पुडी सापडली की करायचे, अगदी तसंच. बरणी घासून परत पिशवीत ठेवली.

ती एवढंच म्हणाली, "बरणी कोरडी कर, सिस्टर. पिशवी भिजल."

त्या दिवशी वरणभात खाऊन गेली. फेब्रुवारीत आली नाही. मार्चमध्येही नाही. मी फोन केला नाही. चूक माझी नव्हती, तर मी का करू? एकशे नव्वदला दुसरं काय करायचं असतं? खातं बदलून घेतलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तरी पाच तारखेला मी डाळ दोघींची लावायची आणि सहा तारखेला शिळी खायची. ऑगस्ट उजाडेपर्यंत माझा ताठा पार उतरला होता. खोटं कशाला बोलू, मला तिच्यावाचून करमत नव्हतं.

त्याच सुमारास मोबाइलवर एक गोरी बाई दिसली. व्हिनेगरमधल्या काकडीच्या चकत्या ती पिठात, अंड्यात, मग पावाच्या चुऱ्यात घोळवून काचेच्या भट्टीत भाजत होती. तेल नावापुरतं, आणि चकत्या कुर्रकन मोडत होत्या. मी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला. तळण गेलं, मीठ काढता आलं, तर हिरीला परत बोलावायला तोंड राहील, असं मनाने घेतलं. बाजारातल्या भाजीवाल्या पुतळीकडून वास्ते घेतले, तिलाच विचारून मुरवले. काचेची भट्टी माझ्याकडे नव्हती, पण सुनिलची बेकरी होती.

पहिला पत्रा जळाला. पाव नुकते निघालेले, भट्टी तापलेली, पाच मिनिटांत कोळसा. सुनिल म्हणाला, "थोडी निवू द्यायला पायजे, मॅडम. नानकटाईच्या टायमाला या, दुपारी."

दुपारी नेला तो पत्रा मऊ निघाला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. वास्त्याच्या पोटात पाणी राहिलं होतं. मीठ उतरावं म्हणून मी तीनदा पाणी बदलून भिजवत होते, तेच आड येत होतं. मग पंच्यात बांधून वर पाटा ठेवला, तासभर निथळू दिलं. चकत्या आधी तांदळाच्या पिठात कोरड्या घोळवल्या, मग अंडं, मग चुरा. चुराही सुनिलनेच दिला, टोस्टच्या पत्र्यांखाली साठतो तो. "हा आधी कढईत परता, मग लावा," म्हणाला. हसणं केव्हाच थांबलं होतं त्याचं. चौथ्या खेपेला त्याने पत्र्याऐवजी जाळी आत सरकवली, खालूनही वारा लागावा म्हणून, आणि लाकडी फळीने ती स्वतः बाहेर ओढली.

मी एक चकती मोडली. कुर्रकन आवाज आला.

"कुणासाठी करताय एवढं?" त्याने विचारलं.

"आहे एक," मी म्हटलं आणि माझा आवाज भलताच निघाला. म्हणून डबा भरून घाईने निघाले.

तलासरीची जीप पकडली, तिथून वेवजीची. मांडीवर डबा आणि डब्यावर हात, अशी दोन तास बसले होते. हिरीच्या घरी मी पूर्वी एकदाच गेले होते, तिच्या मुलाच्या लग्नात. ती ओसरीवर बसून काकडीच्या बिया राखेत घोळवत होती, पुढच्या वर्षाच्या पेरणीसाठी. मला बघून उठायला लागली.

"ऊठू नको, ऊठू नको," मी म्हटलं.

"सिस्टर, तू कशी आली?"

"कशी म्हणजे? जीपने."

नवशी आतून पदराला हात पुसत आली. मी मागे फोनवर तिला इतकं बोलले होते, तरी बिचारीने हसून पाणी दिलं. म्हणाली, "परवाच आई तुमच्याकडं आली ना? तुम्ही सांगितल्यापासून गोळ्या येळेवर घेते. पाच तारखेला पण सोबत घेऊन जाते. तुमच्याकडं जेवली की घेते ना?"

मला काही कळेना. परवा पाच तारीख होती. मी हिरीकडे पाहिलं. ती राखेतली एकेक बी निवडत होती, मान खाली.

"हो," मी म्हटलं. "घेते ना. जेवली की घेते."

नवशी चहा ठेवायला आत गेली.

"दर महिन्याला येतेस डहाणूला?" मी हळू आवाजात विचारलं.

"येते."

"मग दुपारची कुठे असतेस?"

"जीपा लागतात तिथं बाकडं हाय ना, स्टेशनच्या भायेर. भाकरी नेते. जीप भरंपरेंत बसते."

माझ्या घरापासून पाच मिनिटं! आठ महिने ती पाच मिनिटांवर बसून एकटी भाकरी खात होती आणि मी वर एकटी डाळ खात होते. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"बरणी ओतली म्हणून? हिरी, तुला मरू द्यायचं होतं का मी?"

"बरणीचं काय! वास्ते दर साल येतात."

मी डबा उघडून पुढे केला. "घे. तेलात तळलेलं नाही. मीठसुद्धा काढलंय, तीन पाण्यांनी. आता खायला हरकत नाही तुला. माझ्याकडे ये, मी गरम देईन."

तिने एक चकती घेतली. दोन तासांच्या वाफेने सगळ्या मऊ पडल्या होत्या, हातात घेताच वाकली. ती सावकाश चावत राहिली.

"मीठ काढलं, त्याच्यासंगती वास्ता पण गेला, सिस्टर," ती म्हणाली आणि किंचित हसली. तरी दुसरी घेतली. मग राखेचे हात झटकून म्हणाली, "मी नाय येनार तुझ्या घरी. जिना चढवत नाय असं सांगनार होते तुला. पन ते खोटं हाय."

"मग खरं काय ते सांग."

"आता आली तेव्हा तू पयलं काय बघितलं?"

तिच्याकडे आल्या आल्या मी तिचे पाय पाहिले होते, घोट्यावर सूज आहे का ते. ते तिला कळलं असेल, असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"आदी तू दार उघडायची आनि माझ्या तोंडाकडं बघून हसायची," हिरी म्हणाली. "शेवटची दोन वर्सं दार उघडते ती पाय बघते, मग डोळ्याची पापनी वडून बघते, मग नाडी. चोवीस वर्सं मी तुझ्यासंगती पेशंट उचलले, सिस्टर. मना तुझ्या घरात पेशंट नाय व्हायचं. गोळ्या घेते मी, तू सांगितल्या तशा. पन तेवढा येक दिवस मना हिरी म्हनून बसायचं व्हतं."

नवशीने चहा आणला. चांगला होता. मी जीपची वेळ झाली म्हणून उठले. हिरी वाटेपर्यंत पोचवायला आली आणि मी समोर बघून चालत राहिले.

घरी येऊन मी खूप रडले, आणि मग तिच्यावर चिडले, आणि मग बीपीच्या यंत्राचा डबा कपाटावर टाकला. एकतीस वर्षं लोक मला म्हणायचे, सिस्टर, तुमची नजर भारी तेज. मला केवढा अभिमान होता त्याचा! त्याच नजरेने मी माझं एकुलतं एक माणूस घालवलं होतं.

ऑक्टोबरच्या पाच तारखेसाठी मी सुनिलला आधीच सांगून ठेवलं होतं. बाराला जाळी बाहेर आली. या खेपेला मी मीठ एकाच पाण्याने उतरवलं होतं. डब्याचं झाकण लावलं नाही, नुसता कागद टाकला आणि भरभर चालत जीपांपाशी गेले. बाकड्यावर हिरी होती. मांडीवर फडकं, फडक्यात भाकरी.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. हसले. हसू नीट जमलं नसणार, कारण ती म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. सरक जरा."

ती सरकली. मी डबा मध्ये ठेवला. तिने चकती तोंडात टाकली, कुर्रकन वाजली. "कडक झालीय," ती म्हणाली. भाकरीचा अर्धा तुकडा मोडून तिने माझ्या हातात दिला. डॉक्टरांपैकी कुणाच्या मुलीचं कुठे जमलं ते मी सांगितलं, तिने नवशीच्या म्हशीचं सांगितलं. अर्धा तास झाला असेल. तिने पदराची गाठ सोडून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली. कोणती, किती पॉवरची, मी विचारलं नाही. जिभेच्या टोकावर आलं होतं.

"तलासरी, तलासरी, येक शीट!" जीपवाला ओरडला.

हिरी उठली. उरलेल्या चकत्या फडक्यात बांधून घेतल्या. जीपची पायरी उंच होती. तिने दांडीला धरलं, लुगडं थोडं वर खोचलं आणि एक पाय पायरीवर ठेवला. मी समोरच्या सायकल दुकानाची पाटी वाचत होते. पंक्चर, हवा, जुन्या सायकली विकत घेतल्या जातील. सगळी वाचून झाली तेव्हा मी पुन्हा वरून सुरुवात केली.

जीप गेली. तिच्या पायांना सूज होती की नव्हती, मला माहीत नाही.