सात नंबरचं पाणी

पाणी तपासायला आलेल्या ताईने पिंपाचं झाकण उचललं आणि आत पाहिलं.

ती वाकून बघतच होती, तसं बोअर सांभाळणाऱ्या पंपकाकांना उगाचच टोपी काढून पुन्हा घालावीशी वाटली. निळ्या पिंपाच्या तळाशी कोळ्याचं जाळं दुपारच्या उन्हात लखलखत होतं. कोरडं, शाबूत. तिथे नव्वद लिटर पाणी असायला हवं होतं.

नियम तिनेच त्यांना शिकवला होता. बोअरच्या नळीत उभं राहिलेलं पाणी खोटं बोलतं. त्यातलं विष हळूहळू हवेत उडून जातं. म्हणून नळीत मावतं त्याच्या तिप्पट पाणी आधी उपसायचं, जमिनीवर न सांडता पिंपात साठवायचं, आणि मग जमिनीच्या पोटातून जे ताजं वर येईल, त्याच्या बाटल्या भरायच्या. सात नंबरच्या बोअरला दोरीला बांधलेल्या नळकांड्याच्या नव्वद खेपा. दर तीन महिन्यांनी, ती येण्याआधी, काका त्या एकट्याने ओढत. आजवर एकही खेप चुकली नव्हती.

"काका," ती शेवटी म्हणाली, "पिंप उपाशी दिसतंय."

"ऊन फार होतं सकाळी. आटलं असेल."

"झाकणाखाली? आणि कोळ्याला पोहता येतं वाटतं तुमच्याकडच्या."

एरवी काका हसले असते. तीन महिन्यांत त्यांच्याशी थट्टा करणारं हे एकच माणूस होतं. आज हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थिजलं. सकाळी पिंपात साध्या नळाचं पाणी ओतावं, असं मनात येऊन गेलं होतं. बादली भरलीही होती. पण खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं लागतं, आणि त्यांना तेवढी सवय नव्हती.

गल्लीमागचा कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली होती. पुढे ट्रक आले आणि दोन वर्षं माती उचलून नेत राहिले. मग भूजल उपसून गाळणारी यंत्रं आली, घरघरली, निम्मी परतही गेली. अकरापैकी दहा बोअर निवळल्या. सात नंबरचा विषाचा आकडा तेवढा मर्यादेच्या केसभर वर अडून बसला होता. या तपासणीत तो खाली आला, की गल्लीच्या तोंडावरचा, लाल अक्षरांत 'पाणी विषारी' लिहिलेला फलक निघणार होता. गल्लीत बारा घरं. अकरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, बाराव्यात काका. संध्याकाळी दिवा लावला, की आपल्याच सावलीची सोबत वाटावी, असं ते घर.

"मुलीला सांगून बसलोय," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "म्हटलं, या सुट्टीत ये. फलक निघतोय. ती म्हणते, बाबा, फलक निघाल्याशिवाय पोरीला घेऊन पाऊल टाकणार नाही. बरोबरच आहे तिचं. नात सहा वर्षांची झाली, ताई. फोनमध्ये दिसते. विचारते, आजोबा, तुमच्या घरात वास येतो का?"

"मग? काय सांगता?"

"सांगतो, येत नाही."

तिने झाकण हलकेच परत ठेवलं. "खोट्या आकड्यावर फलक निघाला असता, तर लोक आले असते. अंगणात बोअर मारल्या असत्या. काका, तुमची नात कुठलं पाणी प्यायली असती?"

काकांनी दोरी उचलली.

ती थांबवायला पुढे झाली, "अहो, मी ओढते, तुमची पाठ..."

"तुम्ही मोजा," ते म्हणाले.

ती मोजत राहिली. तिसाव्या खेपेला त्यांनी टोपी काढली. साठाव्याला तो वास आला, गोडसर, ओळखीचा. त्यांच्या कारखान्यातल्या कामाच्या कपड्यांना तो चिकटून यायचा. बायको ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. तीस वर्षं पाळी संपताना मागच्या सांडपाण्याच्या खड्ड्याची झडप याच हातांनी उघडली होती. खड्डा कधी भरायचा नाही. जमीन पिते, असं म्हणत सगळे हसायचे, त्यांत काकाही.

"नव्वद," ती म्हणाली. पिंप अर्धं व्हायला आलं होतं. कोळी काठावर चढून बसला होता.

बाटल्या काकांनीच भरल्या. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, म्हणून प्रत्येक बाटली काठोकाठ भरून, झाकण लावून, उलटी धरून बोटाने टिचकी मारायची. पहिलीत एक मोत्याएवढा बुडबुडा डोकावला. त्यांनी ती ओतून टाकली आणि नव्याने भरली. पाणी स्वच्छ होतं, पलीकडच्या फलकावरचं लाल अक्षर वाचता यावं इतकं स्वच्छ.

तिने बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या, चिठ्ठीवर वेळ लिहिली. सकाळी न उपसलेल्या पाण्याबद्दल तिने काही लिहिलं नाही. काकांनी ते पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "अंदाजे सांगा. अजून किती वर्षं?"

पेटीचा पट्टा तिने खांद्यावर ओढला. त्यांच्या ओल्या हातांकडे तिने एकदा पाहिलं. मग वळली, आणि फळ्या ठोकलेल्या खिडक्यांच्या कडेकडेने फलकापर्यंत, फलकाच्या पलीकडे, चालत गेली.